नाचणीच्या केकमागचा खुनी

वाचनाच्या बाबतीत मी हावरट आहे आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही. रहस्यकथा दिसली की माझे हात शिवशिवतात. पाककृतींचं पुस्तक मी कादंबरीसारखं पहिल्या पानापासून वाचत जाते आणि त्यातलं क्वचितच काही करते. खिडकीच्या ग्रिलमध्ये थर्माकोलच्या खोक्यांत पुदिना, गवती चहा आणि एक हट्टी मिरची आहे. त्यांना पाणी घालताना दुसऱ्या हातात पुस्तक असतं, मग पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं आणि मी मुकाट्याने ऐकून घेते. तुझं आवडतं पुस्तक कोणतं, असं कुणी विचारलं की मला उत्तर सुचत नाही, कारण ते दर आठवड्याला बदलतं. पण आवडती कथा विचाराल तर मी एका श्वासात सांगेन. तिचं शेवटचं पान आम्ही कसं वाचलं तेही सांगेन, कारण ते सांगितल्याशिवाय मला राहवतच नाही.

मुलुंड पूर्वेच्या आमच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या सोसायटीत आम्ही काही घरं मिळून दिवाळी अंकांची भिशी चालवतो. प्रत्येक घराने वेगळा अंक विकत घ्यायचा, दर रविवारी तो पुढच्या घरी द्यायचा आणि पार होळीपर्यंत सगळ्यांनी सगळे अंक वाचायचे. फिरून आला की अंक ज्याचा त्याच्याकडे. मग त्यातलं काय कापायचं, काय चिकटवायचं, ते मालकाने ठरवावं. तोवर कात्री लावायची नाही हा एकच कडक नियम.

गेल्या वर्षी हे सगळं चालू होतं, पण आमच्या घरात मात्र काहीच चालू नव्हतं. श्रावणात माझ्या सासूबाई गेल्या. तेव्हापासून माझे सासरे, म्हणजे बाबा, गॅलरीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. जन्मभर विक्रोळीच्या कारखान्यात नोकरी केलेला माणूस, सुट्टीच्या दिवशीही सकाळी एक फेरी मारून आल्याशिवाय चहा न घेणारा, तो जिना उतरेना. मोतीबिंदूचं ऑपरेशनही पुढे ढकलत राहिले. सगळ्यात वाईट म्हणजे आईंबद्दल एक अक्षर बोलत नव्हते. माझ्या नवऱ्याने आईचा विषय काढला की हे टीव्हीचा आवाज वाढवायचे. आम्ही दोघंही मनातून घाबरलो होतो. माणूस असाच हळूहळू विझत जाईल की काय, असं वाटायचं, आणि काय करावं ते सुचत नव्हतं.

नाताळच्या सुमारास एक अंक भिशीतल्या बाकीच्या घरांतून फिरून शेवटी आमच्याकडे आला. आमच्यापुढे कुणाचा नंबर नव्हता, म्हणून तो द्यायची घाई नव्हती. त्यात एक लांबलचक रहस्यकथा होती. थंड हवेच्या ठिकाणी एक लॉज, मालक सकाळी खोलीत मेलेला सापडतो आणि दाराला आतून कडी. मला तर गुदगुल्याच व्हायला लागल्या. बाबांच्या डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून संध्याकाळी मेथी निवडून झाल्यावर मी त्यांच्याशेजारी बसून मोठ्याने वाचलं. ते गॅलरीबाहेरच बघत होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर मी चपला काढत होते, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, आज वाचणार नाहीस का? मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं.

बाबांची एक अट होती. रोज थोडंच वाचायचं आणि त्यांच्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही. माझ्यासारखीला ही शिक्षाच होती, कारण अख्खा अंक मी एरवी दोन दिवसांत फस्त करते. पण मी अट पाळली. मोह नको म्हणून अंक त्यांच्याच टेबलावर ठेवायला लागले. त्यांचा संशय लॉजच्या मॅनेजरवर होता. मला माळी संशयास्पद वाटला, तेव्हा त्यांनी मला चांगलंच झापलं, तुला माणसं ओळखता येत नाहीत म्हणाले. त्या वादात त्यांनी एक भाकरी जास्त खाल्ली. नवरा घरी आला की त्याला तपास कुठवर आला ते ऐकावं लागे आणि तो बिचारा आनंदाने ऐकायचा.

आणि मग शेवटचा दिवस आला. मी ऑफिसातून लवकर निघाले, चहा केला, अंक उघडला. इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो, म्हणतो की खुनी याच खोलीत आहे, मी पान उलटते, तर पुढे थेट वार्षिक राशिभविष्य. मधलं पान कात्रीने नीटनेटकं कापून नेलेलं.

बाबांना विचारलं तर ते दचकले. दुपारी बी विंगमधल्या काकू येऊन गेल्या होत्या. अंक त्यांनीच विकत घेतलेला. काकू मालवणकडच्या, अंकात फक्त पाककृती बघणाऱ्या. माझं वाचन त्यांना ठाऊक, त्यामुळे इतके आठवडे आमच्याकडे पडलेला अंक कधीच वाचून झाला असणार, असं त्यांनी धरलं. अंकातली एक रेसिपी हवी आहे म्हणाल्या. बाबांना वाटलं, उतरवून घेतील. घ्या की, म्हणाले. मग त्यांच्या शेजारीच बसून काकूंनी पान कापलं. कात्रीचा आवाज ऐकू आला होता, पण नखं कापत असतील असं वाटलं, असं बाबा मला अगदी पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले.

मी काकूंना फोन लावला. पानाच्या एका बाजूला नाचणीचा कुकरमधला केक होता आणि दुसऱ्या बाजूला आमचा खुनी. काकूंनी तो केक स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवूनही टाकला होता, म्हणजे खुनी दाराकडे तोंड करून उभा. "माका काय म्हायत, पाठच्या बाजूक खुनी बसलो हा म्हणान," त्या कळवळून म्हणाल्या.

मग मी भिशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, ज्यांनी ही कथा वाचली त्यांनी खुनी कोण ते सांगा. एकीने लिहिलं, डॉक्टर. दुसरी म्हणाली छे, वहिनी, मला पक्कं आठवतंय. तिसरी फक्त भविष्य वाचते. पहिल्या दोघींची तिथेच जुंपली, आणि मी बाबांना ते वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले की ऐकीव साक्ष कोर्टात चालत नाही. स्टेशनबाहेरच्या पेपरवाल्याला फोन केला, तर दिवाळी उलटून इतके दिवस झाल्यावर दिवाळी अंक म्हटल्यावर तो हसायलाच लागला.

शेवटी मी म्हटलं, बाबा, मी काकूंकडे जाते, पान सोडवते, ओलं पान आणताना फाटेल म्हणून तिथेच वाचते आणि येऊन सांगते.

"म्हणजे तू आधी वाचणार?"

"मग काय करू? दार काढून आणू?"

त्यांनी तोंड फिरवलं. गॅलरीबाहेर बघत राहिले. इतक्या आठवड्यांनी माणूस भांडायला लागला होता, जेवायला लागला होता, आणि एका पानापायी सगळं पुन्हा बंद पडणार असं मला दिसायला लागलं. टीव्हीचा रिमोट त्यांच्या हाताशीच होता. त्यांनी तो उचलला आणि बाजूला ठेवला.

"माझा शर्ट कुठे आहे गं?" ते म्हणाले. "बाहेर जायचा."

मी शर्ट शोधायला जी धावले ती दाराच्या चौकटीवर आपटलेच. इस्त्री करायला वेळ घालवला नाही, न जाणो, मन बदललं तर. जिना उतरताना ते कठडा धरून एकेक पाय खाली टाकत होते आणि मी पुढे उलटी चालत होते, जसं काही ते पडले तर मी त्यांना झेलणार होते. गेटवरचा वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला. आम्ही कंपाऊंड ओलांडलं, पुन्हा एक मजला चढलो. काकूंनी दार उघडलं आणि बाबांना बघून त्या पदर सावरत नुसत्याच बाजूला झाल्या.

कपाटाचं दार आतून कात्रणांनी भरलेलं होतं. नशीब म्हणजे काकूंचा बाजारच्या गोंदावर विश्वास नाही, त्या मैद्याची खळ करतात. सर्दीसाठी घेतलेलं वाफाऱ्याचं मशीन त्यांनी लावलं आणि दोन्ही हातांनी केकसमोर धरलं. मी उलथन्याने हलकेच कड सोडवायला लागले. बाबा मागे उभे राहून सूचना देत होते, घाई करू नकोस, वरून घे, फाडशील. कोपरा सुटला, मग अर्धं पान, मग एका जागी अडलं आणि आम्ही तिघंही श्वास रोखून उभे. शेवटी ते ओलं पान माझ्या तळव्यावर आलं. मी ते ट्यूबलाइटखाली धरलं आणि एकेक शब्द लावत मोठ्याने वाचलं.

खुनी डॉक्टर होता. कडी बाहेरून दोऱ्याने ओढली होती. मॅनेजर बिचारा साधा माणूस निघाला. जन्मात कथा न वाचलेल्या काकू आ वासून ऐकत होत्या आणि मशीनची वाफ सगळी त्यांच्याच चष्म्यावर जात होती.

मी वळून बाबांकडे बघितलं. ते हसले नाहीत. अंदाज चुकला म्हणून हिरमुसले असतील, असं मला वाटलं.

"ती शेवटचं पान आधी वाचायची," ते म्हणाले. "नेहमी. आणि मी वाचत असलो की समोर बसून हसायची. मग काय, तिच्या तोंडाकडे बघूनच मला खुनी कळायचा. किती भांडलोय मी तिच्याशी त्यावरून."

काकूंनी मशीन बंद केलं आणि त्यांच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं. बाबा बसले आणि बोलतच राहिले. लग्न झाल्यावर आईंनी त्यांच्या एका नव्या कोऱ्या पुस्तकात खुन्याच्या नावाखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवली होती, तीही पहिल्याच पानावर. ते सांगताना ते हसत होते आणि डोळे पुसत होते, आणि मीही तेच करत होते. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. घराला कुलूप आणि बाबा खुर्चीत नाहीत म्हणून तो घाबरला होता.

मी स्वयंपाकघराच्या बाहेर येऊन हळूच सांगितलं, "काकूंकडे आहोत. बाबा आईंबद्दल बोलताहेत."

"त्यांना थांबवू नकोस," तो म्हणाला. "मी पण येतो."