चौथी बादली

वऱ्हाडात रॉकेलला घाबरणारी माणसं पुष्कळ होती. रॉकेल ज्याला घाबरत असे असा माणूस मात्र एकच, आमचे मावसाजी. इंग्रज सरकारनं त्यांना रॉकेलच्या दुकानांचे इन्स्पेक्टर नेमलं होतं. साठ्याजवळ विस्तव नको, दाराशी कोरड्या रेतीच्या चार बादल्या हव्यात, तपासणी दिवसाउजेडीच व्हावी, हे नियम त्यांना हरिपाठासारखे पाठ होते. अकोल्याच्या बाजारात रॉकेलच्या दुकानापुढून जाणाऱ्या एका टांगेवाल्याच्या तोंडातली विडी त्यांनी काढून विझवली, आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून आपल्या डब्यातलं पान दिलं. घरीही सूट नव्हती. रॉकेलचा डबा परसात, कुलपात. मावशीला कंदिलात तेल घालायचं तर दिवस मावळायच्या आत मागावं लागे.

असा हा माणूस स्वतःच्या मुलीच्या, सुमनच्या, लग्नाच्या दिवशी बार्शीटाकळीच्या एकुलत्या एक रॉकेलवाल्याला अक्षत द्यायला गेला आणि त्याच्या गोदामाला सील ठोकून परत आला. चौथी बादली रिकामी होती!

"सायेब, तुमच्याच पोरीच्या लग्नाचे फुटाणे भाजाले नेली ना बायकोनं रेती!" तो बिचारा काकुळतीला आला होता.

मुहूर्त गोरज. गॅसबत्त्या आल्या त्या रिकाम्या, कारण तेल गोदामात आणि गोदाम सीलमध्ये. मांडवात सावल्या लांबू लागल्या तसा वराचा बाप उठला. "अंधारात लगन लावाले मी का पोराले चोरून आनलं? गाड्या जुंपा रे!"

सुमन हळदीच्या अंगानं दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पाहून मला रडू आलं.

"अवो, सील तोडा! कावून जीव खाऊन राह्यले पोरीचा?" मावशी कडाडली.

"पोरगी माही हाय, सील सरकारचं हाय," मावसाजी म्हणाले आणि त्यांनी मावळतीकडं पाहिलं. "सूर्य मावळाच्या आत बादली भरा. मी तपासनी करतो."

मग अख्खं वऱ्हाड नदीवर धावलं. उपरण्यात, टोपीत, पानदानात रेती आली. खुद्द नवरदेवानं शेल्याच्या ओच्यातून शेवटची रेती ओतली. मावसाजींनी बोट खुपसलं. "वली हाय. कोरडी पायजे."

सूर्य बाभळींना टेकला होता. तेवढ्यात रॉकेलवाल्याची बायको भाजणीची, थंड झालेली रेती घमेल्यात घेऊन पळत आली. बादली भरली. मावसाजींनी रेतीत राहिलेला एक फुटाणा उचलून तोंडात टाकला, "खरपूस हाय" म्हणाले, आणि फेट्याच्या पदरानं डोळे पुसत सील तोडलं. मंगलाष्टकं गॅसबत्त्यांच्या लख्ख उजेडात झाली. फक्त त्या बत्त्या मांडवापासून वीस पावलांवर होत्या.

पुढं कितीतरी वर्षं सुमन या गोष्टीवरून त्यांच्याशी भांडली. सासरी तिचं नावच 'रेतीवाली' पडलं होतं. मावसाजी गेले त्या दिवशी कुणीतरी तिला म्हणालं, "बाई, उशाशी दिवा लाव." ती उठली, त्यांच्या आजारपणात स्वयंपाकघरात आलेला रॉकेलचा डबा उचलून परत परसात नेऊन ठेवला, हात स्वच्छ धुतले, आणि मगच काडी ओढली.