बाबुरावांचा दोर

बाबुराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्या मुलाला, गजाननला, विचारलं, "जीपवरचा दोर अजून तोच आहे का रे?" शेजारी उभ्या असलेल्या बायकोनं माझ्या हातातून रिसीव्हरच काढून घेतला. तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा गेला होता आणि मी दोराची चौकशी करत होतो. पण माझी भीती खोटी नव्हती. आता जीप गजानन चालवणार, आणि कधीतरी त्याच कुजक्या दोरानं कुणाची गाडी ओढायला जाणार. बाबुराव झोपेत गेले, याचं मला नवल वाटलं. मी समजत होतो, त्यांना दोरच नेणार.

त्याला आता महिना उलटला. त्यांच्या गावात, घनसावंगीत, 'अडकलेल्यांचा आधार' असे फलक लागले. आधार होता तो आम्हीही पाहिला... सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास साडूंनी लिलावातली जुनी जीप घेतली. पुढच्या बंपरवर विंच होतं, म्हणजे दोर गुंडाळायचा लोखंडी रूळ. इंजिनाच्या जोरावर तो फिरतो आणि रुतलेली गाडी ओढून काढतो. मूळची तार गंजली होती, म्हणून त्यांनी जाड नायलॉनचा दोर बसवला. तिकडच्या काळ्या जमिनीत पावसाळाभर काही ना काही रुतलेलं असतंच, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. इथपर्यंत माझी तक्रार नाही. तक्रार पुढं आहे. काम नसलं की बाबुराव जीप स्टँडवरच्या हॉटेलासमोर भर उन्हात लावत आणि लोकांना दिसावा म्हणून दोर अर्धा सोडून ठेवत. घरी आले की त्याचं टोक लिंबाला बांधून त्यावर धोतरं वाळत. कधी म्हैस बांधलेली असे. चिखलातून काढलेला दोर खड्यांसकट तसाच ओला रुळावर गुंडाळला जाई.

मी जालन्याला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आयुष्य काढलं. दोर उन्हात पडला की धागा पिठूळ होतो आणि रेतीचे कण आत शिरले की ताणाबरोबर आतून कापत जातात, एवढं मला कळत होतं. दोर धुवावा, सावलीत वाळवावा, गुंडाळून वर आच्छादन घालावं, यात काही विद्या नाही. शेवटी मी जालन्यातल्याच मस्तगड भागात स्कूटरची सीट शिवणाऱ्याकडून माप देऊन जाड रेक्झीनचं कव्हर शिवून घेतलं, पट्ट्या आणि बक्कल लावून, आणि स्वतः नेऊन दिलं. पुढच्या खेपेला पाहतो तर दोर उघडाच. कव्हर कपाटात, नव्या लुगड्यांच्या खाली.

"इतकी भारी वस्तू धुळीत कशी घालावी साडूभाऊ? खराब होऊन जाईल ना."

दसऱ्याला मात्र ते बाहेर निघे. पूजेपुरतं विंचवर चढवायचं, हळदकुंकू लागू नये म्हणून वर वर्तमानपत्र ठेवायचं, आणि आरती झाली की पुन्हा कपाटात. दोराला ऊन आणि कव्हराला सावली, असा तो कारभार होता.

तुटायचा तो तुटला. उसाची ट्रॉली नाल्यात बसली होती आणि मी तिथं हजर होतो. ताणलेल्या दोरावर ओलं पोतं टाका आणि बाजूला व्हा, असं मी दोनदा सांगितलं. नायलॉन रबरासारखं ताणतं आणि तुटलं की तेवढ्याच जोरानं मागं येतं. त्यावर बाबुराव म्हणाले, तुम्ही जालन्यात बसून बोल्ट मोजा. टोक त्यांच्या जबड्यावर बसलं, आणि डॉक्टरांनी तोंड तारेनं शिवून टाकलं. दीड महिना अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीनं, चमच्यानं पेज पाजली. तोंड उघडल्यावर बाबुरावांनी पहिलं काम केलं ते तुटल्या दोराला गाठ मारायचं, आणि दुसरं, गोष्ट सांगायचं. म्हणे, ट्रॉली पोरांवर जात होती म्हणून ते मधे उभे राहिले. पोर एकही नव्हतं. दोन शेळ्या होत्या, त्याही वर बांधावर. शंभर फुटांचा दोर तुटून अठ्ठ्याऐंशीचा राहिला, तरी मरेपर्यंत शंभरच सांगत. गावानं हेही मानलं. गावाला मोजायचा कंटाळा.

तेराव्याला पुढाऱ्यांची भाषणं झाली. आदल्या दिवशी पाणी पडलं होतं, आणि सगळ्यात लांबलचक बोललेल्या पाहुण्याचीच गाडी निघताना गल्लीत रुतली. तो काच खाली करून म्हणाला, बाबुरावांच्या दोरानं ही गाडी निघणं हीच खरी श्रद्धांजली. लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी फोटोवरचा हार काढून विंचला घातला. गजाननानं जीप सुरू केली, दोर सोडला आणि आकडा अडकवायला गाडीसमोर वाकला. मी ओरडून सांगत होतो की हा दोर मेलेला आहे. लोक म्हणत होते, आजच्या दिवशी तरी गप बसा.

तेवढ्यात अक्का घरातून आली. हातात ऊस तोडायचा कोयता. तिनं कुणाकडं पाहिलं नाही. जीपच्या चाकाला टेकून दोर धरला आणि दोन घावांत तोडला. नवा दोर असा तुटत नाही.

"एकाचं तोंड शिवून झालं," ती म्हणाली. "मला आता दुसरं शिवायचं न्हाई."

सगळे खाली पाहू लागले. गजानन तेवढा हसला, तोंडाच्या एकाच बाजूनं, हुबेहूब बापासारखा. बापाचा जबडा मोडला होता म्हणून तो तसा हसे. याचा कधी मोडला नव्हता.

"जाऊ दे काका," तो मला म्हणाला, "मी गाठ मारून राह्यलो. बापानं मारल्तीच की."

अक्कानं ते ऐकलं. मग ती तिथंच चिखलात बसली आणि हातातल्या दोराचे वीतवीत तुकडे करत गेली, एकालाही गाठ बसू नये इतके आखूड.