कॉर्नेटवरून ट्यूबावर

समोरचे दोन दात गेले आणि त्यांच्याबरोबर माझे वरचे सूरही गेले. नवे दात दिसायला झकास, पण कॉर्नेट, म्हणजे माझं ट्रंपेटसारखं छोटं वाद्य, ओठांना लावलं की नुसती फुस्स हवा! जन्मभर पेशंटना भूल देणारी डॉक्टर मी, रिटायर झाल्यावर हट्टाने हे वाजवायला शिकले होते. शॉमबर्ग या आमच्या अमेरिकन गावातल्या हौशी बँडमध्ये सहा वर्षं मागच्या रांगेत कॉर्नेट वाजवत होते. बँड ब्रिटिश पद्धतीचा, म्हणजे क्लॅरिनेट नाही, सॅक्सोफोन नाही, सगळी पितळेची वाद्यं आणि जोडीला ड्रम. दर मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये प्रॅक्टिस. तो मंगळवार आता हातचा जाणार म्हणून जीव नुसता कासावीस झाला होता.

लेक फोनवर म्हणाली, "आई, जस्ट टेक अ ब्रेक."

"या वयात घेतलेला ब्रेक कायमचाच असतो, बाई!" मी खेकसले.

शेवटी कंडक्टरना गाठलं. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेला शांत माणूस. म्हटलं, मी बँड सोडते. त्यांनी ऐकून घेतलं आणि कोपऱ्यातल्या ट्यूबाकडे, त्या खर्जातल्या अगडबंब पितळी वाद्याकडे, बोट दाखवलं. पुढच्या मंगळवारपासून तिथे बसा, म्हणाले. आमच्याकडे दात गेले म्हणून कुणाला घरी पाठवत नाहीत, ओठ टेकवायला मोठं तोंड असलेलं वाद्य देतात. इवल्याशा कॉर्नेटपासून त्या धुडापर्यंत बोटं चालवायची पद्धत तीच आणि नोटेशन वाचायची रीतही तीच.

पण मला राग आला. कॉर्नेटकडे गाणं असतं, ट्यूबाकडे काय? पों, पों. घरी येऊन नवऱ्यापुढे तणतणले, "अरे, अडगळीत टाकलं मला!"

नवरा इंजिनियर, संगीतातलं ओ की ठो कळत नाही. तरी प्रत्येक कार्यक्रमाला तिसऱ्या रांगेत हजर, आणि नंतर ठरलेले दोनच शब्द, "छान झालं."

"वाजवून तर बघ," एवढंच म्हणाला.

महिनाभर बेसमेंटमध्ये घुमवलं. मग रविवारी दुपारी कार्यक्रम झाला. सुरुवातीला नेहमीचं संथ भजन, चर्चमध्ये म्हणतात तसलं. रुंद तोंडात ओठ आरामात बसले, आणि पहिला लांब सूर सबंध निघाला. डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

पार्किंगमध्ये मी "छान झालं"ची वाट बघत होते. नवरा ट्यूबा डिकीत ठेवत म्हणाला, "आज तुझा आवाज ओळखला. माझी खुर्ची थरथरत होती."

"म्हणजे? आणि गेली सहा वर्षं?"

"दहा कॉर्नेटांत तुझं कुठलं ते कधी कळलंच नाही, देवाशप्पथ. मी आपला तुझ्याकडे बघत बसायचो."

"मेल्या, आधी नाही का सांगायचं!" म्हटलं आणि त्याचा हात घट्ट धरला.

मंगळवारी त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले.