केवळाबाईंची फर्म

शिरूर अनंतपाळला बँकेच्या समोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आधार, पॅन, सातबारा, जातीचा दाखला, गावाचं सगळं माझ्या काचेवर पालथं पडून जातं. त्यामुळे मला एक गोष्ट केव्हाच कळून चुकली आहे. आमच्या गावातले बडे व्यापारी म्हणजे बायका. कागदावर. सरकारी नोकराला धंदा करता येत नाही, म्हणून कुणाची बायको जेसीबी चालवते, कुणाची बायको विटा भाजते, आणि त्या वेळी सगळ्या जणी घरात भाकरी थापत असतात.

किशनराव गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. शाळा सुटली की 'केवळाई ट्रेडर्स'च्या गल्ल्यावर बसतात. सिमेंट, लोखंड, पाइप. केवळाबाई म्हणजे त्यांच्या मंडळी. हाडापेराने दणकट, बोलायला हळू, आणि येसर करायला अख्ख्या तालुक्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. धान्यं-डाळी खमंग भाजायच्या, मसाला घालून दळायच्या, आणि ते पीठ कालवून आमटीला लावायचं. दिसायला सोपं. त्यांच्या आईने, सरजाबाईने, ते त्यांना हाताला चटके देऊन शिकवलं होतं. केवळाबाई आधी येत नाहीत, त्यांचा वास येतो, मग त्या येतात.

एकदा मी येसर आणायला त्यांच्या घरी गेले, तर उजव्या हाताने त्या चेकबुकावर सह्या करत होत्या आणि डाव्या हाताने कढईत उलथनं फिरवत होत्या. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, सगळे चेक कोरे.

"काकू, हे काय करून राहिल्या?"

"नवं बुक आलं की करावं लागतंय माय. गुरुजी म्हणतात, नियम हाय."

निवडणं, दळणं, सह्या करणं, सगळं एकाच रांगेतलं घरकाम. बँकवाले त्या फर्मचे चेक भाजणीच्या वासावरूनच ओळखत असतील.

"आन् दुकानाला नाव माझं हाय म्हटल्यावर सही बी माझीच लागंल की," असं म्हणून त्या लाजल्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, पण खरंच लाजल्या. "आमच्या वारगीच्या, बरोबरीच्या कुण्या बाईचं नाव तिच्या नवऱ्यानं बोर्डावर घातलंय, सांग बरं?"

भाजी आणायला जवळचा रस्ता सोडून त्या दुकानावरून वळसा घालून जातात, हे मी रोज बघत होते. बोर्डासमोरून जाताना चालणं जरा हळू व्हायचं.

मग नांदेडच्या यासेरभाईंनी कुठल्याशा लग्नात त्यांचं येसर खाल्लं. यासेरभाईंचं तिकडे किराण्याचं मोठं दुकान आहे. त्यांनी निरोप धाडला की लग्नसराईच्या आधी माल द्या, जेवढा कराल तेवढा घेतो, पण बिल फर्मच्या नावाचं पाहिजे, जीएसटी नंबर पाहिजे, आणि पैसे टाकायला करंट खातं. नसेल जमत तर दुसरीकडून घेईन. धंद्याच्या जागी त्यांचंही बरोबरच होतं.

केवळाबाईंनी गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, "तुला खातं कशाला? तुला त्यातलं काय समजतंय?"

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या दुकानात येऊन बसल्या. "शबाना, माझ्या येसरचं खातं काढायचं हाय. माझं सोताचं. येवढं जमवून दे. आयुष्यात मी दुसरं काय मागितलं न्हाई."

मी म्हटलं, आधी पॅन लागेल. त्या म्हणाल्या, आपल्याकडे तसलं काही नाही. आधार नंबर टाकला, तर कॉम्प्युटर म्हणाला की या बाईचं पॅन केव्हाच निघालेलं आहे. केवळाबाईंनी आठवून आठवून सांगितलं की गुरुजींच्या कपाटात त्यांच्या फोटोचं एक कार्ड आहे खरं. घरी जाऊन घेऊन आल्या. तो नंबर मी जीएसटीच्या साइटवर टाकला, आणि पडद्यावर अख्खी फर्मच आली. केवळाई ट्रेडर्स. मालक: केवळाबाई किशनराव. नोंदणी चालू.

"काकू," मी म्हटलं, "तुम्हाला जीएसटी नंबर काढायची गरज नाही. तुमच्याकडे हाय. आमची पोरगी आलिया रांगत होती तेव्हापासून तुम्ही सिमेंट विकून राहिल्या."

"मी?"

"तुम्हीच. गुरुजींचं नाव इथं कुठंच नाही. त्यांना धंदा करता येत नाही नं, नोकरी आहे. म्हणून तुमच्या पॅनवर."

त्यांनी पडद्यावरच्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हंजी ते नाव… कौतुकानं न्हाई घातलेलं?"

माझी जीभ काही कमी चालत नाही. पण त्या वेळी मी प्रिंटरमध्ये कागद भरत बसले. प्रिंटर आधीच भरलेला होता. गुरुजींचा असा राग आला मला! त्यांनी बाईचं नाव वापरलं म्हणून नव्हे, ते तर इथे सगळेच वापरतात. बाई एवढी वर्षं खूश होती, आणि त्यांनी तिला खूश राहू दिलं, म्हणून.

आम्ही समोर बँकेत गेलो. खातं उघडणारे विनोद सर एरवी मान वर करत नाहीत. त्यांनी नंबर टाकला आणि उठून खुर्ची ओढली.

"बसा मॅडम! तुम्ही तर आमच्या जुन्या खातेदार. आज पहिल्यांदा पाय लागले."

केवळाबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. सरांनी समजावलं की फर्म आणि मालक वेगळे नसतात. त्याच जीएसटी नंबरावर येसरचा धंदा वाढवून घ्या, तो कागद आणा, की येसरच्या नावाने दुसरं करंट खातं होईल. सही फक्त मालकाची. "आत्ता तुमची खात्री करून घेतो. मोबाइलवर ओटीपी गेलाय, सांगा."

मोबाइल केवळाबाईंच्या हातात होता, पण त्यात काही आलं नाही. येणार कसं? बँकेत नंबर गुरुजींचा होता.

आम्ही ओटीपीची वाट बघत होतो, आले गुरुजी. बोटांना खडू तसाच. वर्ग वाऱ्यावर सोडून स्कूटरवर आले असावेत.

"कुणी मागितला ओटीपी? माझ्या खात्याला हात कुणी लावला?"

विनोद सर म्हणाले, "मालकीणबाई आल्यात, गुरुजी. खातं त्यांचंच आहे नं?"

गुरुजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्यांना रांगेत पासबुक घेऊन उभे असलेले गटशिक्षण कार्यालयातले बाबू दिसले. बाबूंनी नमस्कार केला. शाळेच्या वेळात, बँकेत, कुणाच्या खात्यासाठी, असा तो नमस्कार होता.

"हो, हो," गुरुजी म्हणाले. "फर्म त्यांचीच. मी आपला… कधीमधी मदत करतो."

"मग मदत करा," केवळाबाई म्हणाल्या. "आकडा सांगा साहेबांना. आन् साहेब, तिथं आता माझा नंबर टाका."

गुरुजींनी आकडा सांगितला. वर्गात गणित चुकलेली पोरं सांगतात तेवढ्याच आवाजात.

मी तर हसून हसून मरेन असं वाटत होतं. पण केवळाबाई हसल्या नाहीत. परत येताना त्यांनी वळसा घेतला नाही, जवळच्या रस्त्यानेच घरी गेल्या.

बाकीचे कागद मी केले, खातं निघालं, यासेरभाईंचा माल वेळेवर गेला. कोऱ्या चेकवरच्या सह्या मात्र बंद. गुरुजी आता चेक भरून आणतात आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहतात. भाजणी अर्धवट असेल तर थांबतात. केवळाबाई नाव वाचतात, पैसे कशाचे ते विचारतात, मग हात धुऊन सही करतात. चेकला आता वास येत नाही म्हणे.

परवा येसरच्या पाकिटावरचं लेबल छापायला त्या माझ्याकडे आल्या होत्या. मागून गुरुजीही आले. लेबल उचलून त्यांनी वाचलं: 'सरजाबाईचं येसर'.

"आईचं नाव घातलंस," ते म्हणाले. आवाज खरोखर दुखावलेला होता. "माझं घालावं, असं येकदा बी वाटलं न्हाई?"

केवळाबाईंनी लेबल त्यांच्या हातातून अलगद काढून घेतलं.

"तुमचं कसं घालावं? तुमची नोकरी जाईल की."