पॅरिस माउंटनवरचं भाषांतर

मुरलीधरला ऑफिसात सगळे मुरली म्हणत आणि तो चेन्नईकडचा असावा असं धरून चालत. त्याने ते कधी दुरुस्त केलं नाही. दुरुस्त न करणं हे त्याचं एक कसबच होतं म्हणा ना. तुमसरजवळच्या मँगनीजच्या खाणीवर, पत्र्याच्या चाळीत तो वाढला. तिथून नागपूर, मग पुणे, मग इंग्लंडात मिल्टन कीन्स, आणि दर मुक्कामाला मागचं थोडं थोडं गाळत आला. आई काय करायची असं कुणी विचारलं, की म्हणायचा, "माइन्समध्ये नोकरीला होती." यात खोटं एक अक्षर नाही. ऐकणारा आपणहून टेबल-खुर्ची आणि डोक्यावर पंखा कल्पून घ्यायचा, आणि हा त्याला खुशाल कल्पू द्यायचा.

खरं काय ते त्याच्या बायकोला, कस्तुरीला, तेवढं ठाऊक होतं. अनुसयाबाई खाणीवर रेजा होत्या. तिकडे मजूर बायकांना रेजा म्हणतात. उन्हात उकिडवं बसायचं, हातोडीने दगड फोडायचा, काळा माल एका ढिगात, टाकाऊ दगड दुसऱ्या ढिगात. नवरा तरुणपणीच गेला. मुरलीधरची शाळा, कॉलेज, पहिला टाय, सगळं त्या हातोडीवर झालं. लग्नाआधी एकदा हे त्याने कस्तुरीला सांगितलं आणि वर म्हणाला, "हा विषय परत नको." तिने पाळलं.

दोन हजार सहाच्या ऑगस्टात अनुसयाबाई पहिल्यांदा सहा महिन्यांसाठी इंग्लंडला आल्या. इंग्रजीचा गंध नाही, बाहेर थंडी, शेजारी सगळे दार लावून. पण नऊ वर्षांची नात होती. अन्वीचं मराठी तोवर फोनवर नमस्कार करण्यापुरतं. आजीच्या सोबतीने दोन महिन्यांत पोर असं काही बोलायला लागली, की कस्तुरी कौतुकाने थक्क झाली. लिंगांचा गोंधळ होता, क्रियापदं कुठेही तोंड करून उभी असत, पण बोलणं थांबत नसे. एके सकाळी ती म्हणाली, "आजी, मले पोळी दे."

"मले नाही, मला," मुरलीधर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला.

अनुसयाबाईंनी पोळी वाढली.

ऑक्टोबरच्या हाफ-टर्मच्या सुट्टीसाठी अन्वीच्या शाळेने गृहपाठाचा कागद दिला. व्हिक्टोरियन काळातली एखादी कामाची जागा बघा, तिथे बायका काय काम करत ते लिहा. खाली पालकांची सही. कस्तुरीने इंटरनेटवर वेल्सच्या टोकाला, अँगलसी बेटावर, तांब्याची एक बंद पडलेली खाण शोधून काढली. नाव पॅरिस माउंटन. अनुसयाबाईंनी तुमसरला फोन करून सांगितलं, की पोरगा मले पॅरिसले नेऊन राहिला. दोन दिवस सगळ्या चाळीत तीच चर्चा होती म्हणे.

बरोबर अवधूतही आला. मुरलीधरच्याच टीममधला पुण्याचा दोस्त. बायको माहेरी गेलेली, म्हणून मोकळा. त्याची आई कॉलेजात संस्कृत शिकवायची. तो ते कधी मिरवायचा नाही, पण मुरलीधरला ते कायम टोचायचं.

खाणीचा डोंगर बघून सगळे जागीच थांबले. सगळं बेट हिरवंगार आणि मधोमध हे वाळवंट. तांबडी, पिवळी, जांभळी माती, गवताची काडी नाही, मोठाच्या मोठा खोदलेला खड्डा आणि माथ्यावर पडक्या पवनचक्कीचा बुरूज. "अरे, हे तर राजस्थान," अवधूत म्हणाला आणि फोटो काढायला लागला. अनुसयाबाईंनी मात्र चपलेच्या टोकाने माती उकरून पाहिली. त्यांची चाल बदलली होती. विमानतळावर, दुकानात, फूटपाथवर चाचपडत चालणारी बाई त्या ढिगांवरून सरळ, झपाझप चालत होती. मुरलीधरला ते दिसलं आणि त्याने आधी अवधूत कुठे बघतोय ते पाहिलं.

वाटेच्या कडेला एक वेल्श म्हातारा टेबल मांडून बसला होता. खाणीचा इतिहास सांगणारा, हौशी माणूस. टेबलावर काही दगड, एक हातोडा आणि एक विचित्र हातमोजा, त्याच्या बोटांवर लोखंडी कड्या. इथे बायका तांब्याचा दगड फोडायच्या, तो सांगू लागला. डाव्या हातात हा मोजा, दगड धरायला, उजव्यात हातोडा. कड्या नसत्या, तर बोटं राहिली नसती.

अनुसयाबाईंना शब्द कळला नाही, पण वस्तू कळली. त्यांनी मोजा हातात घेतला, कड्या बोटाने चाचपल्या आणि हसल्या. इंग्लंडला आल्यापासून इतक्या मोकळ्या त्या हसल्या नव्हत्या. मग टेबलावरचा एक दगड तळहातावर तोलला, परत ठेवला, दुसरा उचलला. म्हाताऱ्याने मानेनेच परवानगी दिली. बाई साडीचा ओचा सावरून उकिडव्या बसल्या, दगड फिरवला आणि तीन हलके ठोके मारले. दगड मधोमध उकलला. आत तांब्याच्या खनिजाची पिवळी शीर लखलखत होती.

म्हातारा खुर्चीवरून उठलाच. यांनी हे आधी केलंय का, त्याने मुरलीधरला विचारलं.

"काय म्हणते तो?" आईने विचारलं.

"विचारतोय, हे काम येतं का तुला."

"त्याले सांग, पंधरा वर्सं हेच केलं मी. सांग, आमाले असे मोजे नव्हते. आमी सायकलची जुनी टूब कापून बोटात घालत होतो. हे बोट तरी वाकडं झालंच." त्यांनी डाव्या हाताचं बोट म्हाताऱ्यासमोर धरलं. "पण रोजचा ढीग कधी कमी नाही भरला. हेही सांग."

अवधूत थोड्या अंतरावर कॅमेरा खाली करून बघत होता; वाऱ्यात त्याला किती ऐकू आलं, कोण जाणे. म्हातारा वाट पाहत होता. एवढंच करायचं होतं की आईचं वाक्य इंग्रजीत म्हणायचं, आणि इंग्रजी तर मुरलीधरला उत्तम येत होतं. तो म्हाताऱ्याला म्हणाला, ती म्हणते, फारच इंटरेस्टिंग आहे.

अनुसयाबाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "येवढंच?" त्या म्हणाल्या. "मी तर किती बोलली."

"बाबा," अन्वी मध्येच म्हणाली, "आजी पंधरा म्हटला ना? पंधरा म्हणजे फिफ्टीन. फिफ्टीन इयर्स आजी दगड फोडला."

आता सगळेच त्याच्याकडे बघत होते. आणि माणूस एकदा घसरायला लागला, की हाताला लागेल ते धरतो. त्याच्या हाताला पोरीचं मराठी लागलं.

"नाही गं," तो म्हणाला, "तुझं मराठी अजून कच्चं आहे. तुला नीट कळलं नाही. आजी म्हणते, ती ऑफिसातून बघायची."

अन्वीने आजीकडे पाहिलं. अनुसयाबाई अजून उकिडव्याच होत्या. वाकडं बोट त्यांनी पदरात घेतलं.

"हो माय," त्या म्हणाल्या. "बाबा सांगते तसंच हाय."

परत येताना गाडीत कस्तुरी खिडकीबाहेर बघत होती. अवधूत आपला फोटोंबद्दल बोलत होता. त्याच्या लक्षात आलं होतं की नाही, आणि आलं असलं तरी त्याला त्याचं काही वाटलं होतं का, हे मुरलीधरला शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, त्याला कदाचित पर्वाही नव्हती.

घरी आल्यावर दुसराच प्रकार सुरू झाला. अन्वी आजीशी इंग्रजीत बोलायला लागली. आजीला कळेना, तेव्हा कस्तुरीमार्फत बोलायला लागली. मग कमीच बोलायला लागली. "मराठीत सांग ना तिला," कस्तुरी म्हणाली, तर पोर म्हणाली, "माझा मराठी रॉंग आहे. बाबा म्हटला." अनुसयाबाई दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून राहू लागल्या. त्या घरात त्यांच्याशी भरभरून बोलणारं एकच माणूस होतं, आणि ते मुरलीधरने एका वाक्यात काढून घेतलं होतं. हे त्याला रोज दिसत होतं. तो रोज ऑफिसला जात होता.

रविवारी संध्याकाळी अन्वीने गृहपाठाचा कागद सहीसाठी त्याच्यासमोर ठेवला. इंग्रजीत, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: इंडियातल्या खाणीतही बायका दगड फोडायच्या. माझी आजी ऑफिसातून बघायची. ती म्हणते, त्या बायका कामाला खूप चांगल्या होत्या, आणि त्यांची मुलं शाळेत हुशार होती.

"हे शेवटचं कोणी सांगितलं?"

"आजी. मम्मी ट्रान्सलेट केली."

मुरलीधरने पेनाचं टोपण काढलं. सही करता येईना. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की पोरीच्या डोळ्यांकडे बघवेना. आईने त्याचं खोटं झाकलं होतं, आणि झाकता झाकता त्याचंच कौतुक केलं होतं.

"अन्वी," तो म्हणाला, "मी खोटं सांगितलं होतं. आजी ऑफिसात नव्हती. दगड तीच फोडायची."

"पंधरा वर्षं?"

"पंधरा वर्षं."

"मग तू का नाही सांगितला?"

"मला लाज वाटली."

अन्वीने यावर थोडा विचार केला. तिला त्याच्या लाजेत फारसा रस नव्हता. "म्हणजे माझा मराठी राईट होता?"

"बरोबर होतं. सगळंच बरोबर होतं."

तिने कागद आणि खोडरबर उचललं आणि ती सरळ स्वयंपाकघरात गेली. मुरलीधर मागोमाग गेला आणि दाराशी थांबला. आई खिडकीशी बसून कोथिंबीर निवडत होती.

"आजी," अन्वी म्हणाली, "मले सांग. तू किती वर्षं दगड फोडला?"

अनुसयाबाईंचे हात थांबले. आधी मान वळवून त्यांनी दाराकडे, मुलाकडे, पाहिलं. सांगू का, असं विचारत होत्या त्या. साहेबाच्या टेबलापुढे उभ्या राहिलेल्या मजुरासारखं.

मुरलीधरने होकाराची मान हलवली. ती कशी हलली ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"पंधरा," आई नातीला म्हणाली, आणि वाकडं बोट पदरातून बाहेर काढलं. "लिही. टूबचंही लिही."