बिनडिग्रीचा प्रमुख पाहुणा

आमच्या सातारा-सांगली भागात कॉलेजांची स्नेहसंमेलनं हिवाळ्यात असतात, आणि तेवढे दोन महिने मी फार मोठा माणूस असतो. बाकीचं वर्षभर मलकापुरात मला घरातून दळण आणायला पाठवतात. पुस्तकं लिहिलेला पण पदवी नसलेला लेखक प्रमुख पाहुणा म्हणून सोयीचा पडतो. पोरांना तो आपल्यातला वाटतो आणि प्राध्यापकांना त्याचा हेवा वाटत नाही.

माझं भाषण ठरलेलं आहे. "मित्रांनो, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी मी कॉलेजला रामराम ठोकला," इथून सुरुवात. मग पदवी म्हणजे भिंतीवर टांगायचा कागद, लेखक-कलावंत रस्त्यावर घडतो, बाजारात घडतो, माणसांत घडतो, वगैरे. रामरामाला हशा, कागदाला टाळ्या. अर्थशास्त्राचा पेपर पुन्हा पुन्हा राहिल्यामुळं कॉलेजनंच माझा नाद सोडला होता, हे मी भाषणात घेत नाही. वेळेचं बंधन असतं.

पदवी नसल्याची पंचाईत झाली ती लग्नपत्रिका छापताना. आमच्याकडं पत्रिकेत नवरानवरीच्या नावाखाली कंसात शिक्षण छापतात. बायको शिराळ्याकडची, जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागलेली. तिच्या नावाखाली बी.ए., डी.एड. असं झोकात आलं. माझ्या नावाखाली काय, यावर घरात बैठक बसली. कंस मोकळा सोडला तर पाव्हणे काय म्हणतील? वडील फौजेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "बारावी पास घाला. खोटं तरी न्हाई त्यात." शेवटी मामानं परस्पर छापखान्यात जाऊन 'लेखक' असं घातलं. तोवर माझी एकच कविता छापून आली होती, तीही एका पतसंस्थेच्या दिवाळी अंकात. मांडवात सासरकडच्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "लेखक म्हंजी कुठल्या हापिसात?" मी म्हणालो, "घरीच." त्यानं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या सासऱ्यांकडं बघितलं आणि गप जेवायला बसला.

आमची मुलगी सांगलीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते आणि अकाउंट्सपेक्षा जास्त वेळ चित्रं काढते. लहान मुलांच्या पुस्तकांसाठी तिची दोन-चार चित्रं छापूनही आली. दिवाळीला घरी आली आणि जेवता जेवता म्हणाली, "पप्पा, मी परीक्षेला बसत नाही. कॉलेज सोडून चित्रंच काढणार आहे."

माझा घास हातात राहिला. "डोकं ठिकाणावर आहे का? आधी डिग्री हातात घे, मग काय गोंधळ घालायचा तो घाल!"

माझ्या वडिलांनी मला हेच, अगदी याच शब्दांत सुनावलं होतं. भाषणात मी त्यांची नक्कल करतो आणि तिथं नेहमी हशा येतो. मुलीनं ते भाषण कितीदा तरी ऐकलेलं.

"नक्कल चांगली जमते तुम्हाला," ती म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतं राहिलं. बायकोला विचारलं तर ती "बघू" म्हणाली आणि पेपर तपासत बसली. आणि अशातच मुलीच्याच कॉलेजकडून मला स्नेहसंमेलनाचं आमंत्रण आलं, तेही सपत्नीक. मला वाटलं, पोरीचा रुसवा निघाला, तिनंच माझं नाव सुचवलं असणार. सुचवलं तिनंच होतं. रुसव्याचा अंदाज चुकला.

बायकोनं रजा टाकली. गाडी तीच चालवते, मी शेजारी बसून निरीक्षण करतो. सांगलीत आमचं जंगी स्वागत झालं. मला फेटा, शाल, श्रीफळ. मग सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी "सरांच्या यशात वहिनींचाही मोलाचा वाटा आहे" असं म्हणून बायकोला व्यासपीठावर बोलावलं आणि तिच्या हातात नारळ दिला. हे वाक्य प्रत्येक सत्काराला असतं. तेवढ्यापुरती मी मान हलवतो. बायको नारळ घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसली, आणि मी कॉलेजला रामराम ठोकला. कागद भिंतीवर टांगला. सगळं जागच्या जागी झालं.

मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. मधल्या रांगेत एक हात वर आला. आमच्या मुलीचा.

"सर," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिनं मला सर म्हटलं. "तुमच्या मुलीनं कॉलेज सोडून चित्रं काढायचं ठरवलं, तर तुम्ही तिला काय सांगाल?"

तिच्या मैत्रिणी खुसखुसल्या. मी उगीच फेटा सारखा केला. सोड म्हणावं तर ही पोरगी खोलीवर जाऊन सामान बांधणार, नको म्हणावं तर आत्ताचं सगळं भाषण पाण्यात. पण खरं सांगतो, त्या क्षणी भाषणाचं काही वाटलं नाही, भीती वाटली. माझ्या बोलण्यावर विसंबून हिनं सगळं सोडलं आणि पुढं काम मिळेनासं झालं, तर हिच्यामागं कोण उभं राहणार? माझ्यामागं जे उभं राहिलं ते समोर मांडीवर नारळ घेऊन बसलं होतं.

"लेखकाला डिग्री लागते," मी म्हणालो. "लागतेच. फक्त ती त्याची स्वतःची असली पाहिजे असं नाही. माझी डिग्री ही इथं पहिल्या रांगेत बसली आहे. बी.ए., डी.एड. ती रोज सकाळी शाळेत गेली, म्हणून मी घरी बसून रस्त्यावर घडलो."

आधी हशा आला, मग टाळ्या, मग पोरं उभीच राहिली. प्राचार्यांनी डोळे पुसले. इतक्या टाळ्या मला कधी मिळाल्या नव्हत्या. खाली उतरता उतरता माझ्या मनात आलं, हे पुढच्या आठवड्यात साताऱ्यालाही घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून कार्यक्रम संपल्यावर मुलगीही आमच्याबरोबर घरी निघाली. आष्ट्याच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी अडकली. कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून मी बराच वेळ वाट बघितली. शेवटी मीच विचारलं, "कसं झालं?"

"खरं बोललासा आज," बायको म्हणाली. "पण टाळ्या परत तुमालाच पडल्या."

तिनं आरशातून मागं मुलीकडं बघितलं.

"तुला चित्रंच काढायची असतील तर काढ बाई. माझी नोकरी हाय अजून. ह्यांना सांभाळलं, तुलाबी सांभाळीन."

मला एकदम हलकं वाटलं. चला, प्रश्न सुटला, आणि तोही मला काही करावं न लागता.

"नको मम्मी. मी परीक्षा देते," मुलगी म्हणाली.

"का गं?" मी विचारलं. आपल्या भाषणाचा परिणाम झाला असेल, अशी मला अजून आशा होती.

"चित्रं मी काढणारच आहे, पप्पा. पण मम्मीच्या डिग्रीवर एक कलावंत बास झाला. तिला पण कधीतरी कंटाळा येत असेल की."

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. माणसांत घडलेला लेखक मी, पण घरातल्या माणसाला एवढी साधी गोष्ट एकदाही विचारली नव्हती. मला लाज वाटली आणि त्या लाजेतच मी विचारलं, "तुला शाळेचा कंटाळा येतो?"

"लय," बायको म्हणाली आणि हॉर्न वाजवून तिनं गाडी ट्रॉल्यांच्या पुढं काढली.