रुमालाखाली दाबलेले बोट

आमच्या भागातून कायदेमंडळावर गेलेल्या माणसाने मला फसवले. भाषणात फसवले असते तर मी गप्प बसलो असतो. त्याने रुमालाखाली फसवले.

सातारा जिल्ह्यातल्या एका बाजारगावी माझी हळद दळायची गिरणी होती. जुने तेलाचे इंजिन घासाघीस करून आणले आणि ती स्वतःच्या हिमतीवर उभी केली. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तिच्यामागे पाच परवाने लागले. इंजिनाच्या तेलाला वेगळा, सांगली संस्थानातून हळद आणायला वेगळा. लढाई संपली, परवाने राहिले. एका सहीपायी अख्खा दिवस कचेरीत जाई.

निवडणुकीत हा माणूस गिरणीत आला. मूळचा तो सांगलीच्या पेठेतला हळदीचा अडत्या. मी परवान्यांचे गाऱ्हाणे सांगितले आणि खांद्यावरचा रुमाल काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. पेठेत भाव तोंडाने सांगत नाहीत. रुमालाखाली बोटे धरून ठरवतात, आणि एकदा धरलेले बोट कोणी नाकारत नाही. त्याने माझी पाचही बोटे धरली, सोडली आणि एकच घट्ट दाबले. पाच परवान्यांचा एक होणार! मी उन्हातान्हात फिरून त्याच्यासाठी मते मागितली.

गिरणीच्या दारावर कोळशाने पाच रेघा ओढून ठेवल्या. परवाना रद्द झाला की रेघ पुसायची. तो मुंबईहून आला की मी त्याच्या दारात हजर. दर वेळी एकच उत्तर, "पुढच्या बैठकीत." पुसणे राहिले, सहावी रेघ ओढायची वेळ आली. नवा कागद निघाला होता: आपल्याकडे कोणकोणते परवाने आहेत त्याची यादी. ती मंजूर होईपर्यंत तेल मिळेना. ऐन हळदीच्या हंगामात इंजिन थंड पडले.

मी तडक त्याचे घर गाठले.

"आवं, पाचाचा एक करणार व्हता. सहा कसं झालं?"

"त्यो कागद तुमच्याच सोयीचा हाय, गड्या."

"मग माझं बोट कशाला दाबलं?"

तो हसला. "रुमालाखाली हळदीचा सौदा व्हतो रं, कायद्याचा न्हाई. आन् बघितलं कुणी?"

कुणी बघत नाही, म्हणूनच तर तो शब्द पाळायचा असतो. हे त्याला मी शिकवायचे?

त्या हंगामात तुटलेली गिऱ्हाइके परत आली नाहीत. गिरणी मोडून विकावी लागली. तो मात्र अजून पेठेत मानाने बसतो. त्याने एकदा भर सौद्यात, रुमाल बाजूला ठेवून, चार अडत्यांसमोर सांगावे: माझे बोट दाबले होते की नव्हते?